धर्मशाळावाल्याचं काम

धारवाडात नाटकात काम मिळवायचं तर गळा लागतो, नाहीतर वशिला. माझ्याजवळ दोन्ही नव्हतं. मी मळमड्डीत राहणारा तिशीतला वकील, ओटीवर अशिलांपेक्षा डासांची ये-जा जास्त. तरी मला काम मिळालं, आणि ते मिळालं एका माणसाला मी फाटकावरून परत पाठवला म्हणून.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं एक नाट्यमंडळ होतं. मास्तर, वकील, कचेरीतले कारकून. सगळे घरात मराठी आणि दारात कानडी बोलणारे. मंडळाला स्वतःचं नाटकगृह बांधायचं होतं. त्यासाठी सरकारी जागेचा एक तुकडा हवा होता आणि तो तुकडा कलेक्टरसाहेबांच्या हातात होता. तीन अर्ज गेले, पोचसुद्धा आली नाही. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांना युक्ती सुचली. अध्यक्ष म्हणजे आमच्या समोरच्या घरात राहणारे संस्कृतचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "देवाला साकडं घालायचं तर त्याच्या तिथीला घालावं. आपण साहेबांचा नाताळ करू."

नाताळ कसा करतात हे मंडळात एकालाही ठाऊक नव्हतं. पण जन्मोत्सव कसा करतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांनी ठरवून टाकलं की जन्म तो जन्म, मग तो अयोध्येत होवो नाहीतर आणखी कुठं. पाळणा बांधायचा, दोरीला फुलं लावायची, सुंठवडा वाटायचा. रामाचा जन्म दुपारी बाराला, कृष्णाचा मध्यरात्री. याचाही मध्यरात्रीचाच असं कुणीतरी म्हणालं. पण साहेब आठाला जेवतात अशी शिरस्तेदारांकडून बातमी होती. म्हणून जन्माची वेळ संध्याकाळी साडेसहा ठरली. तिथी पंचांगावरून नाही, साहेबांच्या खानसाम्यावरून निघाली.

झाडावरून दोन बैठका झाल्या. नाताळात झाड लागतं एवढं कळलं होतं. खजिनदार म्हणाले तुळस ठेवू, तिच्यापेक्षा पवित्र झाड कुठलं. शेवटी सरूचं झाड आणलं आणि त्याला झेंडूच्या माळा, वर आंब्याचं डहाळं लावलं. विलायतेत त्या दिवशी बर्फ पडतो, तेव्हा फांद्यांवर कापूस पसरायचा होता. तिथं आमचे खादीवाले सभासद उठून उभे राहिले. सण परका असला तरी कापूस देशी हवा, नाहीतर मी राजीनामा देतो, म्हणाले. हुबळीच्या बाजारातून चांगला दोन शेर देशी बर्फ आणला तेव्हा ते खाली बसले.

मग नाटक. मास्तरांनी बायबलातली गोष्ट कुणाकडून तरी ऐकून चार दिवसांत नाटक लिहून काढलं. मेरी आणि जोसेफ परगावी येतात, तिचे दिवस भरलेले असतात, धर्मशाळेत जागा मिळत नाही, आणि बाळ गोठ्यात जन्माला येतं. जोसेफ झाले माझ्याच कोर्टातले एक वकील. त्यांनी फेटा काढायला साफ नकार दिला. मेरी झाले मुन्सफ कोर्टातले एक कारकून. आवाज गोड, चाल सुरेख, पण मिशी काढायला तयार नाहीत. "वडील जिवंत असताना मिशी काढू कशी?" ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. वडील तर पहिल्या रांगेत बसणार होते. शेवटी असं ठरलं की मेरी लाजाळू असल्यामुळं नाटकभर तोंडावर पदर धरून राहील.

राहिला धर्मशाळावाला. त्याला चारच शब्द होते. "जागा नाही. पुढं जा." पण ते काम कुणी घेईना. सणाच्या दिवशी, साहेबांच्या देखत, दिवस भरलेल्या बाईला हाकलायचं म्हणजे उद्या आपल्या नावाची नोंद कशी व्हायची, ही सगळ्यांना धास्ती. मास्तर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "वकील, तुम्ही. मी परवा माझ्या ओटीवरून बघितलं. इतका सुंदर नकार मी रंगभूमीवरसुद्धा पाहिलेला नाही."

आता परवाचं सांगतो. आमच्या घरामागं दोन खोल्या होत्या. आधीचा भाडेकरू बदली होऊन गेला होता, खोल्या झाडून कुलूप लावून ठेवल्या होत्या. एका सकाळी फाटकापाशी एक गोवेकर गृहस्थ आला. चाळिशी लागलेला, काळा कोट, बगलेत फिडलची पेटी. हुबळीच्या सिनेमात तो मुक्या चित्रांना साथ करी. बोलपट आले आणि पडदाच गायला लागला, तेव्हा याची नोकरी गेली. आता धारवाडच्या एका शाळेत पोरांना बँड शिकवायचं काम मिळालं होतं. राहायला मात्र बाजारातल्या एका बेकरीत, भट्टीच्या मागची खोली.

"वकीलबाब," तो त्याच्या कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाला, "तुमच्यो मागच्यो खोल्यो रिकाम्यो आसात म्हणून कळले. म्हज्या बायलेचे दिस भरत आयल्यात. भट्टीच्या उष्म्यान तिका चक्कर येता. डॉक्टर म्हणता, तिका थंय ठेवूं नाका."

बायकांचा दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. त्याची शाळा दहा मिनिटांवर. माणूस सभ्य, बोलणं मऊ. नाही म्हणायला एकही कारण नव्हतं जे तोंडावर सांगता येईल. सांगता न येणारी मात्र पुष्कळ होती. मासळी शिजणार. आईचं सोवळं. विहीर एक. आणि शेजारी काय म्हणतील, हे सगळ्यांत मोठं. म्हणून मी आम्ही धारवाडचे लोक अशा वेळी म्हणतो तेच म्हणालो. हसून, मान हलवून, अगदी प्रेमानं म्हणालो, "बघू की."

आता आमच्याकडं 'बघू' म्हणजे काय हे सांगायला नको. मुलीचा बाप विचारायला आला आणि मुलाच्या बापानं 'बघू' म्हटलं, तर तो चहासुद्धा न संपवता उठतो. कानडीतही तीच रीत. 'नोडूणु' म्हटलं की समोरचा छत्री उचलतो. तोंडावर नाही म्हणायचं नाही, एवढं आम्ही सौजन्य पाळतो. समोरच्या ओटीवरून मास्तरांनी माझं 'बघू' ऐकलं, आणि जाणकार माणूस तान ऐकून डोलतो तसे ते डोलले.

पण हा माणूस गोव्याचा. त्याला वाटलं, मी बघणार आहे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. फाटकाबाहेरूनच टोपी काढली आणि विचारलं, "वकीलबाब, बघितलें?" मी म्हणालो, "बघतो." तिसऱ्या दिवशी आला. चौथ्या दिवशी आला. शाळेला जाताना वाटेवरच माझं फाटक, तेव्हा चुकायची सोय नाही. मी कधी घरात वाळत घातलेल्या पंच्याच्या आड, कधी संडासाच्या वाटेवर; पण फिडलवाल्याचे कान, माझी चाहूल त्याला बरोबर लागे. "बघितलें?" "बघूया, बघूया." जितक्यांदा मी नाही म्हणालो, तितका तो खूष होऊन गेला.

बायको एकदा चिडली. "एक तर द्या खोल्या, नाहीतर नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "रोज त्या माणसाला आशेवर काय ठेवताय?" मी म्हणालो, मी केव्हाच नाही म्हटलंय, त्याला कळत नाही त्याला मी काय करू? हे मी वकिलाच्या ऐटीत म्हणालो आणि मला ते पटलंसुद्धा.

मंडळात हा विषय निघालाच. केक कुणाकडून करून घ्यावा याची चर्चा चालली होती. अंडी घातलेला केक साहेबांपुरता आणि बिनअंड्याचा आमच्यापुरता, असा ठराव झाला. दोन्ही बाजारातल्या त्याच, फिडलवाल्याच्या बेकरीला सांगितले, वर दोनशे नानकटाया. त्याच दमात खजिनदार माझ्याकडं वळून म्हणाले, "त्या गोवेकराला देणार नाही ना खोल्या? नाही, आपलं विचारलं. पोर्तुगालच्या राज्यातली माणसं. एक आलं की दहा येतात. मग आपलं गाव आपलं राहत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. खजिनदारांचे आजोबा रत्नागिरीकडचे, माझे पणजोबा घाट चढून आलेले, मास्तर तर स्वतः साताऱ्याचे. आमची गवळण दुधाची कासंडी घेऊन दारात उभी होती, तिला मराठी कळे. ती हसून म्हणाली, "नीवू बंदावर अल्लेन्री?" तुम्हीही आलेलेच ना? खजिनदार म्हणाले की दुधात पाणी फार असतं हल्ली.

मग मला एक सुचलं, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला. नाटकाला संगीत हवं होतं. नाताळची गाणी कुणाला येत नव्हती. मास्तर जन्माच्या प्रसंगाला भूप बसवत होते. मी म्हणालो, फिडलवाल्याला बोलावू. खोली नाही तर नाही, मान तरी देऊ. सगळ्यांना पसंत पडलं. त्याच्या साथीनं नाटक बसायला लागलं, आणि तो बिचारा असं समजला की आता किल्ली मिळण्याचीच बाकी आहे.

तालमी तीन आठवडे चालल्या. मेरी पदर धरून लंगडत येई, कारण कारकुनांना लुगड्यात पाय टाकता येत नसे. जोसेफ फेटा सावरून दार वाजवी. मी दार उघडी आणि म्हणे, "जागा नाही. पुढं जा." आणि ते काही केल्या जमेना. कधी फार मऊ यायचं, कधी कोर्टातल्यासारखं. एकदा मी चुकून "सध्या तरी नाही" म्हणालो. मास्तर कपाळाला हात लावत. "अहो, त्या दिवशी फाटकावर कसं म्हणालात? तसं म्हणा की!" मला घाम फुटे. कारण स्टेजच्या खाली, हाताच्या अंतरावर, तो बसलेला असे. फिडल हनुवटीखाली, डोळे माझ्याकडं. माझ्या चार शब्दांनंतर त्याला एक उदास सूर लावायचा होता. तीन आठवडे तो रोज माझ्या तोंडचं 'जागा नाही' ऐकून त्यावर सुंदर सूर लावी, आणि तालीम संपली की माझ्याजवळ येऊन हळू विचारी, "बघितलें?"

शेवटच्या आठवड्यात त्याचा चेहरा उतरला. "बेकरीत काम वाडलां," तो म्हणाला. "दिसभर भट्टी पेटिल्ली आसता. बायलेक रातभर झोप ना." काम कशामुळं वाढलंय हे तो बोलला नाही. आमचेच दोन केक आणि दोनशे नानकटाया होत्या. मी म्हणालो, नाटक होऊन जाऊ दे. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नाताळच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. साहेब आणि मडम वेळेवर आले. आधी त्यांना कुंकू लावायचं की नाही यावर जरा घोळ झाला, मग मडमला लावलं आणि साहेबांना हार घातला. नाताळबाबा म्हणून एक पेन्शनर मामलेदार लाल शेला पांघरून, कापसाची दाढी लावून टांग्यातून उतरले. टांग्याचा घोडा ती दाढी ओढायला लागला, तेव्हा साहेब पहिल्यांदा हसले. सरूच्या झाडावर देशी बर्फ होता. खादीवाले सभासद त्याच्याजवळ पहाऱ्याला उभे.

माझा प्रवेश आला. जोसेफानं दार वाजवलं. मी उघडलं. समोर पेट्रोमॅक्सचा झगझगाट, पहिल्या रांगेत साहेब, मेरीचे वडील, खजिनदार. आणि खाली फिडलवाला, गज उचललेला, माझ्या चार शब्दांची वाट बघत. त्या दिवशी त्याचे डोळे सुजलेले होते. मी तोंड उघडलं. चार शब्द पाठ होते. ते आलेच नाहीत.

मी हसलो, मान हलवली आणि अगदी प्रेमानं म्हणालो, "बघू की."

मांडव हसून फुटला. मागं कुणीतरी शिट्टी मारली. पण नाटकाला तिळाएवढा धक्का लागला नाही. जोसेफ धारवाडचाच, त्यानं एक सुस्कारा टाकला, मेरीचा हात धरला आणि गोठ्याकडं निघाला. मास्तर विंगेत खुशीनं मांडीवर थाप मारत होते. जे तीन आठवड्यांत जमलं नाही ते आज जमलं होतं. फिडलचा सूर मात्र उशिरा लागला.

साडेसहाला जन्म झाला. पाळणा हलला. साहेबांनी सुंठवडा तोंडात टाकला आणि त्यांना ठसका लागला. मग साहेब स्टेजवर आले. ते पूर्वी नगरकडं होते, मराठीची परीक्षा दिलेले, आणि बोलायची फार हौस. त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि मास्तरांना विचारलं, "मला एक गोष्ट कळली नाही. तो धर्मशाळेचा मनुष्य म्हणाला की बघू. मग हे लोक थांबले का नाहीत? त्याने नंतर बघितले काय?"

मास्तरांना कुणी अर्थ विचारला की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी होई. छाती पुढं काढून ते म्हणाले, "साहेब, हा आमच्या भाषेचा बारकावा आहे. पुस्तकात मिळायचा नाही. आमच्याकडं बघू म्हणजे नाही. स्पष्ट नाही. पण ऐकणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बघू."

"आणि ऐकणाऱ्याला हे माहीत असते?"

"इथला असेल तर असतंच की," मास्तर म्हणाले.

साहेबांनी खिशातून वही काढून ते टिपून घेतलं. मी बाजूला वळून बघितलं. फिडलवाला गुडघ्यावर बसून पेटी बंद करत होता. तिचा एक खटका लागला, दुसरा लागेना. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "अशें," आणि निघून गेला. नानकटाया वाटायच्या होत्या, त्याही त्यानं घेतल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकापाशी उभा होतो. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इतके दिवस ज्याला चुकवायला मी घरभर पळत होतो, त्याच्यासाठी मी रस्त्यावर डोळे लावून बसलो. मला स्वतःचा राग आला आणि तो मी बायकोवर काढला. ती म्हणाली, "माझ्यावर का चिडताय? किल्ली खुंटीला आहे." आई जपमाळ ओढत होती, ती तोंड न वळवता म्हणाली, "आणि माझं सोवळं माझं मी बघून घेईन. मला विचारायचं तुला कधी सुचलं नाही."

किल्ली घेऊन बेकरीत गेलो. भट्टीवाला म्हणाला, ती दोघं नाताळच्या दुसऱ्याच दिवशी हुबळीला गेली, कमरीपेठेत. नोकरी सोडली नव्हती. तो आता रोज आगगाडीनं ये-जा करणार होता. एवढं ऐकल्यावर सरळ स्टेशनवर जायला हवं होतं. पण मी वकील, मला कामाचं निमित्त लागतं. पुढच्या आठवड्यात हुबळीत एक तारीख होती, तेव्हा गेलो.

कमरीपेठेत एका कानडी विणकराच्या घराची पुढची खोली. मागाचा आवाज सारखा चाललेला. विणकराच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना एकच प्रश्न विचारला होता म्हणे, "एष्टु तिंगळु?" किती महिने झाले, आणि मग पेटी आत उचलून ठेवली होती. मुलगी झाली होती, आठ दिवसांची. बाजेवर त्याची बायको बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. त्यानं मला बसायला पेटारा पुढं केला आणि चहा सांगितला. मुलगी माझ्याकडं बघून जांभई द्यायला लागली.

मी घसा साफ केला. म्हणालो की खोल्या तयार आहेत. चुना लावून घेतलाय. आईचीही हरकत नाही. रोजची गाडी वाचेल, दवाखाना जवळ आहे, बाळ-बाळंतिणीला बरं पडेल. म्हणालो, मासळीचंही काही नाही. हे सगळं एका दमात म्हणालो आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

त्यानं ती उलटीपालटी करून बघितली. बायकोनं त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं किल्ली परत माझ्या हातात ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटली आणि म्हणाला, "नाका, वकीलबाब."

राग नव्हता त्यात. टोमणाही नव्हता. समोरच्या माणसाचं तोंड बघून, त्याला समजेल असं, नको म्हणजे नको. मी दहा वर्षं कोर्टात साक्षीदारांना घोळात घेतलेला माणूस. साक्षीदारानं नाही म्हटलं की मला लगेच दहा प्रश्न सुचतात. त्या दिवशी मी किल्ली खिशात टाकली. मला फार लाज वाटली, आणि ती लपवायला चहा गरम असूनही मी एका घोटात प्यायलो. जीभ भाजली. त्याच्या बायकोनं ते बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.